घळीतून येणारा दगडमातीचा लोंढा: पाटण, जावळी, महाबळेश्वर, वाई आणि शिराळ्यातल्या वाड्यांसाठी प्रश्नोत्तरं

पावसाळ्याच्या तोंडावर वाड्यांवर बैठका होतात. मी बरीच वर्षं या डोंगरी भागात भूगोल शिकवला, त्यामुळे अशा बैठकांना मला बोलावतात. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि ते अगदी रास्त असतात. वाचून कुणी आपल्या घरामागची घळ एकदा वरपर्यंत चढून पाहावी, यासाठी ही उत्तरं लिहून काढली आहेत.

दरड कोसळणं आणि हा लोंढा, यात फरक काय?

दरड म्हणजे डोंगराचा तुकडा सुटून खाली येणं. तो बहुतेकदा पायथ्याशी येऊन थांबतो. लोंढा मात्र वाहतो. माती, मुरूम, धोंडे आणि उन्मळलेली झाडं पाण्यात कालवली जातात आणि ओल्या काँक्रीटसारखं ते सगळं घळीतून खाली धावतं. या मिश्रणाचं वजन पाण्याच्या जवळपास दुप्पट भरतं. त्यामुळे पाण्यात बुडणारा धोंडा यात अक्षरशः तरंगत आल्यासारखा येतो, आणि तोंडाशी सगळ्यात मोठे धोंडे असतात. वेग तासाला वीस-तीस किलोमीटर सहज होतो, कधी त्याहून कितीतरी जास्त. चिखलातून, अंधारात, उतारावर माणूस तेवढा पळू शकत नाही.

घराच्या दृष्टीने खरा फरक अंतराचा आहे. दरडीचा धोका डोळ्यासमोरच्या उतारावरून असतो. लोंढा सुरू होतो तो डोंगर आपल्या अंगणातून दिसतही नाही. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ च्या पहाटे जे घडलं, त्यात वर सुटलेला डोंगर नदीच्या पात्रातून सुमारे आठ किलोमीटर खाली गेला. मधल्या गावांतल्या लोकांच्या घरामागे कडा नव्हता, ओढा होता.

आपल्या जिल्ह्यात हे कुठे होऊ शकतं?

साताऱ्याच्या पश्चिम पट्ट्यात: पाटण, जावळी, महाबळेश्वर, वाईचा पश्चिम भाग आणि सातारा तालुक्यातला कासकडचा डोंगर. २२ आणि २३ जुलै २०२१ ला पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे आणि वाई तालुक्यात देवरुखवाडी इथे डोंगर खाली आला. त्याच दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस नोंदला गेला. आंबेनळी घाटातला रस्ता जागोजाग वाहून गेला. घाटाखाली महाडजवळच्या तळियेचं दुःख तर सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

सांगलीत हा प्रश्न शिराळा तालुक्याच्या पश्चिम टोकाचा, चांदोलीकडच्या डोंगराचा आहे. मिरज, तासगाव किंवा जतच्या माळावर राहणाऱ्याने या कारणासाठी झोप घालवू नये.

आपला सह्याद्री तर काळ्या पाषाणाचा. तो विरघळल्यासारखा कसा वाहतो?

पाषाण वाहत नाही, त्याच्यावर साठलेलं वाहतं. आपला डोंगर लाव्हाच्या थरांवर थर रचून झाला आहे. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे लाल, भाजलेल्या विटेसारख्या मातीचा पातळ पट्टा दिसतो. घाटातल्या कापलेल्या भिंतीत तो ओळखू येतो. माथ्यावर सडा असतो, म्हणजे जांभ्याचं पठार. जांभा सच्छिद्र, पाणी पिऊन घेतो. त्याच्याखाली चिकण, शाडूसारखी माती आणि त्याखाली पक्का दगड. जांभ्यातून उतरलेलं पाणी या चिकण थरावर अडतं आणि कड्याच्या बुडातून झऱ्यासारखं बाहेर पडतं. नेमकं तिथेच कड्यावरून वर्षानुवर्षं पडलेला दगडगोटा, मुरूम आणि माती उताराला टेकून बसलेली असते. खालून पाण्याचा दाब, वरून मुसळधार पाऊस. एक वेळ अशी येते की दाणे एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत.

कोयनेचा भाग भूकंपाचा आहे हे वेगळं सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ चा धक्का आठवणारी माणसं अजून आहेत. धक्क्यांनी उताराला भेगा पडतात आणि पावसाचं पाणी त्या भेगांतून खोल उतरतं. भूकंप आणि लोंढा एकाच दिवशी यायची गरज नाही. मधे कितीतरी पावसाळे जाऊ शकतात.

लोंढा नेमका सुरू कसा होतो?

तीन तऱ्हा पाहायला मिळतात. एक, घळीच्या डोक्याशी उतार सुटतो आणि घसरता घसरता पाणी मिसळून पातळ होतो. दोन, घळीच्या तळात साठलेल्या धोंड्यांखालून पाण्याचा जोर इतका वाढतो की तळच उचलला जातो. तिसरी तऱ्हा लोकांना ठाऊक नसते आणि तीच फसवी आहे: बाजूची दरड घळीत पडते, ओढा अडतो, मागे पाणी तुंबतं आणि थोड्या वेळाने तो कच्चा बांध फुटतो. यातल्या मधल्या शांततेबद्दल पुढे लिहिलं आहे, ते वाचल्याशिवाय राहू नका.

आमच्या घळीतून पूर्वी कधी लोंढा आला होता का, हे कसं ओळखायचं? गावात तर कुणाला आठवत नाही.

माणसाची आठवण दोन-तीन पिढ्यांची. घळीची आठवण जास्त लांब असते आणि ती वाचता येते. होळी झाल्यावर गवत वाळलेलं असतं, पाणी नसतं, तेव्हा जा. सोबत गुराखी घ्या; घळीची माहिती त्याच्याइतकी कुणाला नसते.

खालून सुरुवात करा. घळ जिथे डोंगर सोडून सपाटीला लागते तिथे जमीन पंख्यासारखी पसरलेली दिसते का? आपल्याकडची कितीतरी गावठाणं आणि भाताची खाचरं अशाच पंख्यावर आहेत, कारण तिथे माती आहे, पाणी आहे आणि उतार सोसवेल असा आहे. हा पंखा कुणी तयार केला, हा प्रश्न स्वतःला विचारा.

पाटणकडच्या एका वाडीत खाचराच्या मधोमध बैलगाडीएवढा धोंडा आहे. त्याला शेंदूर लावलेला, दर आषाढात नारळ फुटतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आजीबाईंना विचारलं, हा इथं आला कसा? त्या म्हणाल्या, "द्येवानं आणून ठिवलाय. माझ्या सासूच्या सासूनं बी हितंच बघितलाय." धोंड्याला हात लावून पाहिला. कडा झिजलेल्या, एका अंगाला ताशीव ओरखडे, आणि खाली वीतभर उकरलं तर मऊ माती. त्या जागेपासून कडा अर्ध्या किलोमीटरवर. एवढा दगड ओढ्याच्या साध्या पुराने येत नाही आणि कड्यावरून गडगडत एवढ्या लांबही येत नाही. तो लोंढ्याच्या तोंडावर बसून आला. आजींची श्रद्धा मला मोडायची नव्हती. मी एवढंच म्हणालो की देवाने वाट दाखवून ठेवली आहे, तर त्या वाटेवर घर नको. त्यांच्या नातवाने पुढच्या वर्षी गोठा हलवला.

मग ओढ्याचा काठ कापलेला असेल तिथे मातीची भिंत पाहा. पुराने आणलेला गाळ थराथरांत बसतो: वाळू वेगळी, गोटे वेगळे. लोंढ्याचा गाळ मात्र सगळा कालवलेला असतो, बुंदीच्या लाडवात बेदाणे असावेत तसे मातीत धोंडे सुटे सुटे अडकलेले, आणि मोठे धोंडे बरेचदा वरच्या बाजूला. घळीच्या दोन्ही काठांवर धोंड्यांच्या ओळी दिसल्या, जणू कुणी गडगा घातलाय, तर ती लोंढ्याने जाताजाता टाकलेली कड आहे. जुन्या झाडांच्या बुंध्यावर डोंगराकडच्या अंगाला साल सोललेली जखम असेल तर तिची उंची टेपने मोजा.

वळणावर दोन्ही काठांवरच्या चिखलाच्या खुणा वेगळ्या उंचीला असतील तर त्यातून वेगाचा अंदाज येतो. समजा वळणाची त्रिज्या ३० मीटर, पात्र ८ मीटर रुंद, आणि बाहेरच्या काठावरची खूण आतल्यापेक्षा २ मीटर वर. २ भागिले ८ म्हणजे पाव. त्याला ३० ने आणि गुरुत्वाच्या ९.८ ने गुणा, आलेल्या ७३.५ चं वर्गमूळ काढा: सेकंदाला साधारण साडेआठ मीटर, तासाला तीस किलोमीटर. दहावीच्या मुलांकडून हे गणित करून घेतलं तर ती घळ ती मुलं जन्मात विसरत नाहीत.

घळ किती धोक्याची, हे इंजिनीअर नसताना ठरवता येईल का?

पूर्ण नाही, पण पहिली चाळणी लावता येते. घळीला पाणी देणारा सगळा डोंगर, म्हणजे तिचं पाणलोट, नकाशावर आखा. सर्वेक्षण विभागाचा टोपोशीट किंवा मोबाइलवरचा समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा पुरतो. माथा आणि पंख्याचं टोक यांच्या उंचीतला फरक किलोमीटरमध्ये घ्या आणि त्याला पाणलोटाच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागा. पाणलोट पाव चौरस किलोमीटर असेल आणि उंचीचा फरक ४०० मीटर असेल, तर ०.४ भागिले ०.५, म्हणजे ०.८. हा आकडा ०.६ च्या वर गेला आणि पाणलोट लांबीला अडीच-पावणेतीन किलोमीटरच्या आत असेल, तर ती घळ लोंढ्याची असू शकते असं जगभरच्या अभ्यासांत धरतात. लहान आणि उभी घळ जास्त वाईट, हे यातून कळतं. लोक मोठ्या ओढ्याला भितात आणि घरामागच्या बारक्या ओघळीकडे बघतही नाहीत. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

दुसरी गोष्ट उतार. मोबाइलमध्ये कोन मोजायचं अ‍ॅप असतं, नाहीतर गवंड्याची पाणसळ आणि दोरी घ्या. शंभर मीटर आडव्या अंतराला छत्तीस मीटर चढ म्हणजे वीस अंश. घळीच्या डोक्याला पंचवीस अंशांच्या वर उतार असेल तर तिथून सुटू शकतं. पुढे पंधरा-वीस अंशांपर्यंत लोंढा सहसा वाढतच जातो, तळ खरवडत. दहा अंशांच्या खाली, म्हणजे शंभराला अठरा मीटरपेक्षा कमी चढ, तो सोबतचा माल टाकायला लागतो. पण पातळ चिखल याहून सपाटीवरही पुढे जातो, म्हणून या रेषेला लक्ष्मणरेषा समजू नका.

तिसरी गोष्ट साठा. घळीच्या तळात सुटा माल किती आहे? सहाशे मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर जाड थर धरला तर तीन हजार घनमीटर होतो. हिशोब ब्रासमध्ये सांगितला की सगळ्यांना लगेच समजतो: हजार ब्रासच्या वर, दोन ब्रासच्या डंपरच्या पाचशेहून जास्त खेपा. त्या सगळ्या एका रात्रीत, एकाच वाटेने. तळ पक्क्या कातळापर्यंत स्वच्छ असेल तर सध्या साठा कमी आहे. डोक्याला नवी दरड सुटलेली दिसली तर तो पुन्हा भरतोय.

किती पाऊस झाला की घर सोडायचं?

एकच आकडा सगळ्यांना लागू होत नाही. नेल केन या भूरूपशास्त्रज्ञाने १९८० साली जगभरच्या नोंदींवरून एक सूत्र मांडलं. त्यात चोवीस तासांचा हिशोब केला तर शंभर मिलिमीटरच्या आसपास येतो. तो लावला तर महाबळेश्वर, नवजा किंवा कोयनानगरच्या लोकांना जुलैत एक दिवसाआड घर सोडावं लागेल. इथला डोंगर इथल्या पावसाला सरावलेला आहे. तोच शंभर मिलिमीटर माण-खटावात एका दिवसात पडला तर मात्र हाहाकार होईल, जरी तिथे लोंढ्याची घळ नसली तरी.

दोन गोष्टी एकत्र बघाव्या लागतात: आधीची भिजवण आणि आत्ताचा जोर. डोंगर खाली आल्याच्या तारखा बघा: माळीण ३० जुलै २०१४, तळिये आणि पाटणच्या वाड्या २२-२३ जुलै २०२१, इरशाळवाडी १९ जुलै २०२३ ची रात्र, वायनाड ३० जुलै २०२४. सगळ्या तारखा पुष्य नक्षत्राच्या किंवा त्याच्या उंबरठ्यावरच्या. आपल्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. तरण्याने डोंगर पोटभर भिजवलेला असतो. त्यानंतर म्हाताऱ्याची एक मोठी सर पुरते. म्हणून जूनच्या अडीचशे मिलिमीटरपेक्षा जुलै अखेरच्या अडीचशेला जास्त भ्यावं.

हवामान खातं चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर गेलेल्या पावसाला अत्यंत मुसळधार म्हणतं. साताऱ्याच्या घाटभागासाठी इशारा वेगळा दिला जातो, तो बघा. शहराचा बघून निश्चिंत होऊ नका. आमच्या बैठकांत आम्ही एक साधा नियम ठेवलाय. दोन दिवस झड लागलेली आहे, आज सकाळपासून वाडीच्या मापात दोनशेच्या पुढे गेलंय आणि घाटभागाला अजून लाल किंवा नारिंगी इशारा आहे, तर घळीच्या तोंडावरची घरं दिवस मावळायच्या आत रिकामी. हे शास्त्राचं सूत्र नाही, गावाने ठरवलेला करार आहे. आपल्या वाडीने आपला आकडा ठरवावा आणि दरवर्षी तो तपासावा.

माप घरी करता येतं. सरळ उभ्या बाजूंचा डबा किंवा बरणी, उघड्यावर, झाडापासून आणि पागोळीपासून लांब, जमिनीपासून फूट-दोन फूट वर. पट्टीने सकाळी साडेआठला मोजायचं आणि वहीत लिहायचं. झड असेल तर दर तीन तासांनी. शाळेतल्या एका मुलीने अशी वही चार पावसाळे भरली आहे. त्या वाडीसाठी तिच्याइतकी कामाची नोंद दुसरी कुठली नाही, कारण सरकारी मापक पुढच्या डोंगराच्या पलीकडे आहे.

डोंगरावर चर खोदले, पाणी जिरवलं, तर धोका कमी होईल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याच्या चुकीच्या उत्तराने नुकसान होतं, म्हणून जरा सविस्तर.

पाणी अडवा, पाणी जिरवा हे माण, खटाव, आटपाडी, जतसाठी सोन्यासारखं वाक्य आहे. तिथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. मी स्वतः तिकडे श्रमदानाला गेलो आहे आणि पुन्हा जाईन. पण तेच सलग समतल चर पाटणच्या उभ्या उतारावर, जाड मातीच्या थरात खोदले, तर आपण त्या उताराच्या पोटात मुद्दाम पाणी भरतो. तिथे पाण्याची टंचाई उन्हाळ्यात असते, जुलैत नाही. जुलैत त्या मातीला कमी पाणी हवं असतं. माळीणनंतरही वरच्या उताराचं सपाटीकरण आणि पाण्याचा निचरा यावर बरीच चर्चा झाली होती.

मग करायचं काय? उलटं. पठाराच्या कडेवरून घळीच्या डोक्यात उतरणारं पाणी दोन्ही बाजूंना कातळावर वळवायचं. त्यासाठी कडेच्या मागे, पक्क्या दगडात किंवा दगडी पिचिंग केलेली उतरती चारी काढायची, जिच्यात पाणी उभं राहणार नाही. वनकुसवडे, चाळकेवाडीसारख्या पठारांवर रस्ते गेले आहेत. रस्त्याच्या गटाराचं तोंड कुठे सुटतं ते पाहा. ते थेट एखाद्या घळीच्या डोक्यावर सुटत असेल तर त्या घळीला निसर्गाने दिलेल्यापेक्षा जास्त पाणी मिळतंय. हे तोंड हलवणं हे सगळ्यात स्वस्त काम आहे आणि त्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून पाठपुरावा करण्यासारखा आहे.

भेगा दिसल्या तर चिकण माती भरून चोपून घ्यायच्या, वर ताडपत्री, आणि भेगेच्या वरच्या अंगाला पाणी वळवणारी चारी. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका, त्यांमधलं अंतर टेपने मोजा आणि तारीख घालून ठेवा. अंतर वाढत असेल तर मग माती भरण्याचा काळ संपला, तहसीलदारांना लेखी कळवा आणि खालची घरं हलवा.

झाडं लावली तर?

लावा. वाळा, करवंद, स्थानिक झुडपं मातीचा वरचा मीटरभर थर घट्ट धरतात आणि लहान घसरणी थांबतात. पण मोठ्या घटनेत माती मुळांच्याही खालून सुटते आणि झाडं लोंढ्यासोबत येतात. दाट जंगल असलेल्या उतारांवरूनही लोंढे आले आहेत. जंगल तोडणं वाईट, यात वाद नाही; जंगल आहे म्हणून घळीच्या तोंडावर घर चालेल, हे मात्र कुणी समजू नये.

घळीत बंधारे किंवा जाळ्या बसवता येतात का?

येतात. जपानमध्ये अशा कामाची जुनी परंपरा आहे, त्याला तिकडे साबो म्हणतात. मधे उभ्या फटी ठेवलेले काँक्रीटचे बांध असतात: पाणी निघून जातं, धोंडे अडतात. पोलादी कड्यांच्या लवचीक जाळ्या घळीच्या दोन काठांना पक्क्या अडकवून टांगतात. लहान बंधाऱ्यांची पायऱ्यापायऱ्यांची मालिका केली तर तळ खरवडला जात नाही.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. महामार्गावर कड्याला चिकटवलेली जाळी सुट्या दगडांसाठी असते, ती लोंढ्याला थांबवत नाही. दोन्हींची गल्लत करून ठेकेदाराकडून काम करून घेऊ नका. आणि अडवलेला माल दरवर्षी काढावा लागतो. भरलेला बांध म्हणजे लोंढ्याला दिलेली उडी मारायची पायरी. जिथे यंत्र पोचण्याची वाट नाही आणि साफसफाईची तरतूद नाही, तिथे मी तरी बांध सुचवणार नाही. गावाने साध्या दगडांचे कोरडे बंधारे उभ्या घळीत स्वतःहून घालू नयेत. लोंढा ते उचलून सोबत घेतो.

एकदोन घरंच धोक्यात असतील तर घळीच्या वाटेला तिरकी अशी भक्कम वळणभिंत घालून लोंढा मोकळ्या रानाकडे लोटता येतो. आडवी भिंत नको, तिरकी. आणि वळवलेला लोंढा शेजाऱ्याच्या दारात जाणार नाही, हे आधी बघायचं.

वाडीच्या रस्त्यावरच्या मोरीचं काय?

माझं सगळ्यात कडवट अनुभवाचं ठिकाण हेच. एका वाडीच्या रस्त्याला ओढ्यावर दोन सिमेंटचे पाइप टाकून मोरी केली. पाइपाच्या तोंडात फांद्या अडकल्या, त्यामागे गोटे, मग पाणी रस्त्यावरून बाजूला वळलं आणि ओढ्यापासून साठ पावलांवरच्या घरात शिरलं. ते घर ओढ्याच्या काठी नव्हतंच. काम करणाऱ्यांनी पाण्याचा हिशोब केला होता, मालाचा नाही. लोंढ्याचा एका क्षणाचा प्रवाह त्याच घळीतल्या पुराच्या अनेक पटींनी मोठा असतो.

घळीवर पाइप नको. रुंद, उंच, मधे खांब नसलेला एकच गाळा हवा. तेवढा पैसा नसेल तर फरशी पूल बरा, ज्यावरून माल जाऊ शकतो आणि नंतर जेसीबीने साफ करता येतं. मे महिन्यात प्रत्येक मोरीचं तोंड उघडून ठेवणं हे ग्रामपंचायतीचं काम आहे, आणि ते झालं का, हे बघणं आपलं.

लोंढा येण्याआधी काही चिन्हं दिसतात का?

कधी दिसतात, कधी मिनिटंही मिळत नाहीत. झरा अचानक गढूळ होणं, कोरड्या जागी नवा झरा फुटणं, दारं-खिडक्या अडकायला लागणं, विजेचा खांब कलणं ही आधीच्या दिवसांची चिन्हं. शेवटच्या क्षणांतली म्हणजे ओल्या मातीचा उग्र वास, झाडं मोडल्याचे कडकड आवाज, धोंडे आपटल्याचा गडगडाट आणि पायाखाली थरथर. गाडी येतेय असं वाटतं; डोंगरात रात्री गाडी येत नसते.

आणि ती शांतता. मुसळधार पाऊस चालू असताना "वढ्याचं पाणी एकदम कमी झालं" असं कुणी म्हणालं, तर पूर ओसरला असं समजू नका. वर कुठेतरी दरडीने ओढा अडला आहे. याच वेळी माणसं हायसं वाटून घरात परततात किंवा बघायला ओढ्यावर जातात. हा एक धडा प्रत्येक घरातल्या लहान मुलालाही पाठ असावा: पाऊस चालू आणि ओढा गप्प, तर लगेच निघायचं.

निघायचं ते घळीच्या वाटेने खाली नाही, आडवं. घळीपासून बाजूला, उंच काठाकडे, पूल न ओलांडता. गुरांची दावी कापून त्यांना सोडा, त्यांना हाकत बसू नका. दागिने आणि कागदपत्रं आषाढ लागताच एका पिशवीत खुंटीला टांगून ठेवायची, म्हणजे शोधाशोध नाही.

सरकारी नकाशात आमची वाडी धोक्याची नाही. मग आम्ही सुरक्षित?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातल्या डोंगरी भागांचे दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० या प्रमाणावर केले आहेत. या प्रमाणात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. आपली घळच अनेकदा पन्नास मीटरपेक्षा अरुंद असते. तो नकाशा तालुक्याच्या नियोजनासाठी उत्तम, पण घर कुठे बांधावं हे त्यावरून ठरत नाही. वाडीच्या पाहणीसाठी ग्रामपंचायतीने जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे अर्ज करावा, सोबत भेगांची मोजमापं, पावसाची वही आणि फोटो जोडावेत. नुसतं "डोंगर धोकादायक आहे" लिहिलेल्या अर्जापेक्षा असा अर्ज फार वेगळा वाचला जातो.

घर हलवायचं म्हणजे शेती, गुरं, देव सगळं सोडायचं. त्यापेक्षा इथेच राहिलो तर?

या प्रश्नावर मी कुणाला शहाणपण शिकवत नाही. कोयनेच्या पाण्याने इथली गावं एकदा उठलेली आहेत, काही कुटुंबं तेव्हा डोंगरावर वर सरकली. त्यांना पुन्हा उठा म्हणणं सोपं नाही. म्हणून मी मधली वाट सांगतो: शेती तिथेच, गोठा घळीच्या रेषेबाहेर, आणि आषाढ-श्रावणातल्या रात्रींची झोप दुसरीकडे. शाळा, समाजमंदिर किंवा पंख्याच्या बाजूला उंचावर असलेलं भावकीचं घर. झोपायच्या जागेचं आधी ठरलेलं असावं, तिथे कंदील, पाणी, चूल आणि म्हाताऱ्यांची औषधं असावीत. आंबेघर आणि मिरगावचा डोंगर रात्री आला, इरशाळवाडीचाही रात्री. दिवसा शेतात असलेला माणूस बऱ्याचदा वाचतो.

नवं घर बांधत असाल तर मात्र तडजोड नको. घळीच्या तोंडासमोर नाही, वळणाच्या बाहेरच्या अंगाला नाही, पंख्याच्या मधल्या भागात नाही. मागची भिंत डोंगर कापून करायची नाही. कापलाच असेल तर धारकभिंतीला पाणी निघायची भोकं ठेवा आणि ती दरवर्षी उघडी आहेत का, ते सळईने तपासा.

रात्री निर्णय कुणी घ्यायचा?

आधी ठरवून ठेवलेल्या दोन माणसांनी, ज्यातली एक तरी बाई असावी. रात्री घरात कोण आजारी, कोण बाळंतीण, हे तिला ठाऊक असतं. पोलीस पाटलांना आणि १०७७ किंवा ११२ ला कळवायचं, पण त्यांच्या येण्याची वाट पाहत थांबायचं नाही. वीज आणि मोबाइल पहिल्या तासातच जातो. देवळातली घंटा जात नाही. सलग घंटा म्हणजे निघा, हे सगळ्यांना माहीत हवं. चुकून वाजली आणि काही झालं नाही, तर वाजवणाऱ्याला कुणी बोल लावायचा नाही, हे ग्रामसभेत आधी बोलून घ्या. एकदा बोल लागला की पुढच्या वेळी तो हात घंटेकडे जात नाही.

लोंढा येऊन गेला. आता काय?

थांबा. लोंढा एका घोटात येत नाही, लाटांनी येतो. पहिली लाट गेल्यावर घरचं माणूस शोधायला धावलेल्यांवर दुसरी येते. हे लिहिताना हात जड होतो, पण एकाने तरी उंच काठावर उभं राहून घळीच्या वरच्या अंगाकडे नजर आणि कान ठेवायचा, आणि त्याने हाक दिली की खालच्या सगळ्यांनी काम टाकून आडवं पळायचं. ही राखण असल्याशिवाय कुणी खाली उतरू नये. रात्रीत तर नाहीच.

उजाडल्यावर पंचनाम्याआधी फोटो काढा: चिखलाची रेषा भिंतीवर कुठवर आली, लोंढा कुठे थांबला, सगळ्यात लांब गेलेला धोंडा कुठे आहे. त्या रेषेवर रंगाने खूण करा आणि तारीख लिहा. धोंडे फोडून खडी करायची घाई होते, तीही समजते. एक तरी धोंडा आहे तिथेच राहू द्या.